पाच सेकंद गेले कुठे? टनेल सॉफ्टवेअरच्या रेंगाळणाऱ्या आणि लहरी चाचण्यांचा आढावा

कृषी विभागाच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळा राज्यात पुणे, नागपूर आणि परभणी इथे आहेत. सोयाबीनचा नमुना उगवणशक्तीसाठी आला की त्यातले ४०० दाणे मोजून घेतात आणि शंभराशंभराचे गट करून लावतात. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. पण सरासरी ७० भरली एवढ्यावर निकाल देता येत नाही. आधी गटागटांचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत. एका गटात ८५ दाणे उगवले आणि दुसऱ्यात ५५, तर ती सरासरी कुणी धरत नाही. ओल कमी-जास्त झाली, बुरशी आली की मोजणीत घोळ झाला हे पाहतात आणि चाचणी पुन्हा लावतात.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा वेळी बहुतेक ठिकाणी उलटे घडते. चाचणी फेल झाली की ती पुन्हा चालवतात. दुसऱ्या वेळी पास झाली तर पहिला निकाल विसरून जातात. चार गटांतला सगळ्यात चांगला गट निवडून त्याचाच आकडा पिशवीवर छापावा, तसा हा प्रकार आहे. नेटवर्क टनेल बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सवय विशेष मुरली आहे आणि तिच्यामागे खऱ्या अडचणीही आहेत. त्या अडचणींचा, त्यांवर झालेल्या अभ्यासांचा आणि रूढ उपायांचा हा आढावा आहे. त्यातून निघणारी एक गोष्ट आधीच सांगतो. चाचणी रेंगाळणे आणि चाचणी मधूनच फेल होणे हे दोन वेगळे आजार मानले जातात, पण बहुतेक वेळा तो एकच आजार असतो.

टनेलची चाचणी वेगळी का

टनेल म्हणजे सार्वजनिक इंटरनेटच्या पोटातून काढलेली खासगी वाट. आपल्या पॅकेटवर दुसरे कुलूपबंद पाकीट चढते आणि ते पलीकडच्या टोकालाच उघडते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतले कितीतरी जण मराठवाड्यातल्या आपापल्या घरी परतले आणि अशा टनेलचे व्हीपीएन हे नाव घराघरात पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने आयटी आणि बीपीओ कंपन्यांवरची जुनी बंधने सैल केली आणि घरून काम करण्याची वाट पक्की झाली. ओपनव्हीपीएन हे साधन २००१ पासून वापरात आहे. जेसन डोननफेल्ड यांचे वायरगार्ड हे तसेच साधन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत थेट गाभ्यात आले.

अशा टनेल सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात कोडमध्ये एक ओळ बदलली तरी सर्व्हरवर शेकडो चाचण्या आपोआप चालतात. सगळ्या पास, म्हणजे हिरव्या, झाल्या तरच बदल आत घेतला जातो. व्याज मोजणाऱ्या फंक्शनची चाचणी सोपी असते. आकडा दिला, उत्तर आले, जुळवून पाहिले. टनेलला मात्र दोन टोके असतात आणि ती स्वतंत्रपणे सुरू होतात. मध्ये नेटवर्क असते. आभासी नेटवर्क कार्ड उभे करावे लागते आणि यंत्राचे मार्ग बदलावे लागतात. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. शिवाय टनेलचे निम्मे वागणे घड्याळावर बेतलेले असते. वायरगार्ड १२० सेकंदांनी नवी किल्ली मागते, १८० सेकंदांनंतर जुनी किल्ली नाकारते, उत्तर आले नाही तर ५ सेकंदांनी पुन्हा हाक मारते आणि समोरून डेटा आला पण उलट काही बोलायचे नसेल तरी १० सेकंदांनी आपण जिवंत असल्याचे कळवते. किल्ली बदलते की नाही हे प्रामाणिकपणे तपासायचे, तर त्या एका चाचणीलाच दोन मिनिटे लागतात.

अभ्यास काय सांगतात

कोड तोच, यंत्र तेच, तरी कधी पास आणि कधी फेल होणाऱ्या चाचणीला फ्लेकी म्हणतात. आपण तिला लहरी म्हणू. या विषयावरचा पायाभूत अभ्यास २०१४ चा, छिंगझोउ लुओ, दार्को मारिनोव्ह आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ५१ अपाचे प्रकल्पांमधल्या लहरी चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. सगळ्यात मोठा गट, सुमारे ४५ टक्के, एकाच कारणाचा निघाला. चाचणी कशाची तरी वाट पाहत होती, पण ती गोष्ट खरेच झाली का हे न पाहता पुढे गेली. एकाच वेळी चाललेल्या धाग्यांची धक्काबुक्की सुमारे २० टक्के आणि चाचण्यांच्या क्रमावर अवलंबून असणे १२ टक्के.

२०१६ मध्ये गुगलच्या जॉन मिक्को यांनी त्यांच्याकडचे आकडे मांडले. दर शंभर फेऱ्यांत साधारण दीड फेरी लहरी निकाल देते, जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडीतरी लहर असते आणि हिरव्याचे लाल होण्याच्या ८४ टक्के प्रसंगांत एखादी लहरी चाचणी गुंतलेली असते. याचा अर्थ लाल दिवा पेटला तर तो खोटा असण्याचीच शक्यता जास्त. मग माणसे लाल दिव्याकडे पाहणे सोडून देतात.

छोट्या प्रकल्पालाही हे गणित चुकत नाही. २०० चाचण्या आहेत आणि प्रत्येक चाचणी दोनशे वेळांत एकदाच विनाकारण फेल होते असे धरा. सगळ्या एकदम हिरव्या होण्याची शक्यता फक्त ३७ टक्के उरते. एकेक चाचणी पाहिली तर निर्दोष वाटते, पण सगळ्या मिळून दर तीन फेऱ्यांपैकी दोन लाल करतात.

सेकंदांची भाषा

लहरी चाचणीत पहिला पुरावा असतो तिला लागलेला वेळ, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही. नेटवर्कमधले बहुतेक विलंब ठरलेल्या मापाचे असतात. ती मापे ओळखता आली की अर्धा तपास तिथेच संपतो.

चाळीस मिलिसेकंदांचा वारंवार येणारा अडथळा दिसला, तर छोटी पॅकेटे साठवून एकदम पाठवणारी युक्ती आठवावी. ती जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये मांडली. पाठवणारा पोच येण्याची वाट पाहतो, घेणारा पोच देण्याआधी आणखी काही येते का म्हणून थांबतो आणि दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात.

१, ३, ७, १५ सेकंद ही माळ दिसली, तर टीसीपीचे पहिलेच पॅकेट कुठेतरी हरवते आहे. २०२३ च्या आधीच्या लिनक्स-गाभ्यांत पहिली हाक वाया गेली की एका सेकंदाने दुसरी जाते, मग दोन, चार, आठ अशी दुप्पट होत जाते. समोरचा प्रोग्राम सुरू नसता तर नकार लगेच आला असता. थांबावे लागते याचा अर्थ मार्ग तयार नाही किंवा फायरवॉल पॅकेट गिळते आहे. नुसता एक सेकंद मात्र फसवा असतो. नवा आयपीव्ही६ पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, याची खात्री करायला लिनक्स साधारण तेवढाच वेळ घेते आणि तोवर तो पत्ता वापरू देत नाही. चाचणीतल्या बंदिस्त नेटवर्कमध्ये ही तपासणी बंद करून टाकली तरी चालते.

साठ सेकंदांनी आपोआप बरी होणारी चाचणी जुन्या जोडणीच्या सुतकात असते. लिनक्समध्ये बंद झालेल्या टीसीपी जोडणीची खूण मिनिटभर राहते आणि पोर्ट पुन्हा वापरण्याची परवानगी सर्व्हरने मुद्दाम मागितली नसेल, तर तोवर त्या पोर्टवर नवा सर्व्हर उभा राहू शकत नाही. सुमारे १२७ सेकंदांनी मरणारी चाचणी म्हणजे वरची दुप्पट होत जाणारी माळ शेवटापर्यंत गेली आणि यंत्राने हात टेकले.

सगळ्यात बोलका आकडा पाचाचा. त्याचे संशयित दोन. पहिला डीएनएस. लिनक्समध्ये नावावरून पत्ता शोधताना पहिल्या सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर प्रचलित सेटिंगमध्ये ५ सेकंद थांबून पुढचा प्रयत्न होतो. दुसरा संशयित वायरगार्डचा हँडशेक, म्हणजे जोडणीआधी दोन टोकांनी एकमेकांना ओळखण्याची देवाणघेवाण. चाचणीने पहिले टोक सुरू केले आणि त्याने लगेच हाक मारली, पण दुसरे टोक अजून उभे राहायचे होते. ती हाक हवेत विरली. पुढची हाक ५ सेकंदांनी जाते, आणि सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून त्यात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत यादृच्छिक भर घातलेली असते.

आता चाचणी लिहिणाऱ्याने पाच सेकंदांत जोडणी झाली नाही तर फेल अशी मर्यादा घातली असेल, तर काय होईल? दुसरे टोक वेळेत उठले की चाचणी क्षणात पास. ते उशिरा उठले की फेल, कारण दुसरी हाक मर्यादा संपल्यावरच निघते. कुणी मर्यादा दहा सेकंदांवर नेली की चाचणी कायम हिरवी होते, पण अधूनमधून पाच सेकंद खाते. कोडमधला दोष तिन्ही वेळा तोच आहे: दुसरे टोक तयार होण्याआधी पहिले सुटले. मर्यादा कमी ठेवली तर तो लहर म्हणून दिसतो आणि जास्त ठेवली तर मंदपणा म्हणून. या एका उदाहरणात विषयाचे सार आले.

पुण्यात पास, परभणीत फेल

दुसरा मोठा गट जागेनुसार बदलणाऱ्या अपयशांचा. ऑफिसच्या यंत्रावर सगळे हिरवे असते आणि गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच टनेल जोडला जातो, पिंगला उत्तर देतो आणि पहिली मोठी फाइल उघडताच गप्प होतो. हे लक्षण जवळजवळ नेहमी पॅकेटच्या मापाचे. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा १५०० बाइट. वायरगार्डचे पाकीट आयपीव्ही६ वर ८० बाइट खाते, म्हणून आतल्या पॅकेटला १४२० उरतात. वाटेत एखादा दुवा त्याहून अरुंद असेल आणि पॅकेट मोठे आहे हा निरोप कुणी अडवत असेल, तर मोठी पॅकेटे मुकाट्याने हरवतात. हँडशेकची पॅकेटे १४८ आणि ९२ बाइटची, म्हणून ती बिनबोभाट जातात. मग चाचणीत हे का दिसत नाही? कारण बहुतेक चाचण्या यंत्राच्या आतल्या लूपबॅकवर चालतात आणि तिथली मर्यादा ६५,५३६ बाइट असते. रुंद महामार्गावर घासून पाहिलेली गाडी गल्लीत अडकते.

मोबाइल नेटवर्कची दुसरी खोड म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणे. कोणते पॅकेट कुणाचे ही नोंद यूडीपीसाठी थोडाच वेळ ठेवली जाते. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये एकतर्फी वाहतुकीची नोंद ३० सेकंदांत पुसली जाते. वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवण्याची शिफारस आहे ती यासाठीच. पाच सेकंदांत आटोपणारी चाचणी हा दोष कधीच पकडणार नाही.

तिसरे कारण घड्याळ. वायरगार्डच्या पहिल्या हाकेत वेळेचा शिक्का असतो आणि समोरचे टोक आधीच्या शिक्क्याहून जुना शिक्का नाकारते. वीज गेल्यावर ज्याचे घड्याळ मागे पडते, असे घड्याळाला बॅटरी नसलेले छोटे यंत्र परत आले की त्याचा टनेल जोडलाच जात नाही. चाचणी-यंत्राची जुनी प्रतिमा पुन्हा उठवली तरी असेच घडू शकते.

शेजाऱ्याचा त्रास

काही चाचण्या एकट्या चालवल्या की गुणी असतात आणि सगळ्यांबरोबर चालवल्या की बिघडतात. दोघी ५१८२० हेच पोर्ट मागतात, दोघी १०.८.०.० ही पत्त्यांची एकच पट्टी वापरतात किंवा आधीची चाचणी आपला मार्ग पुसायला विसरते. परभणी-गंगाखेड-परळी मार्गावर वर्षानुवर्षे प्रवास केलेल्यांना क्रॉसिंगचा अर्थ सांगावा लागत नाही. एकेरी रुळावर एक गाडी पुढे जायची तर दुसरीला स्टेशनात उभे राहावे लागते. सगळ्या चाचण्या एकाच नेटवर्कवर चालवल्या की दोनच पर्याय उरतात. एकामागून एक सोडा, म्हणजे तास लागेल, किंवा एकदम सोडा, म्हणजे टक्कर होईल.

लिनक्सने यावर दिलेला तोडगा म्हणजे नेटवर्क नेमस्पेस. प्रत्येक चाचणीला स्वतःचे पत्ते, मार्ग आणि पोर्ट असलेले वेगळे नेटवर्क मिळते आणि चाचणी संपली की ते आपोआप नाहीसे होते. वायरगार्डची लिनक्स-गाभ्यातली मुख्य चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. एकाच यंत्रात तीन नेमस्पेस करून त्यांच्यात टनेल बांधला जातो, पिंग आणि वेगमापन चालते आणि बाहेरच्या नेटवर्कला स्पर्शही होत नाही.

एक धोक्याची सूचना इथेच नोंदवायला हवी. कंटेनरमध्ये टन-डिव्हाइस (टनेलचे आभासी नेटवर्क कार्ड) आणि नेटवर्क-प्रशासनाचे अधिकार मुद्दाम द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर काही चाचण्या फेल होण्याऐवजी स्वतःला वगळतात. पाइपलाइन झपाट्याने हिरवी होते आणि टनेल एकदाही बांधला गेलेला नसतो. अचानक वेगवान झालेल्या चाचण्यांकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

उपायांची तुलना

सगळ्यात लोकप्रिय उपाय पुन्हा चालवण्याचा. तो स्वस्त आहे, पण त्याची किंमत मोजून पाहावी. जो खरा दोष निम्म्या वेळा जोडणी तोडतो, तो तीनांत एकदा पास झाली तरी चालेल या नियमाखाली आठपैकी सात वेळा सुटून जातो. पुन्हा चालवायचेच असेल तर प्रत्येक निकाल नोंदवावा.

दुसरा उपाय थांबण्याचा वेळ वाढवणे, म्हणजे दोन सेकंद झोप आणि मग तपास. ३०० चाचण्यांत दोनदोन सेकंद झोप घातली की दहा मिनिटे गेली, आणि गर्दीच्या यंत्रावर दोन सेकंदही अपुरे पडतात. या उपायाने चाचणी रेंगाळतेही आणि लहरीही राहते.

तिसरा उपाय विलगीकरणाचा. लहरी चाचणी मुख्य रांगेतून काढून बाजूला चालवायची. बाहेर काढलेल्या चाचणीला मालक आणि परतीची तारीख नेमून दिली तरच हा उपाय टिकतो, नाहीतर त्याचा अडगळीचा माळा होतो.

खरा उपाय घटनेची वाट पाहणे. दुसऱ्या टोकाने पोर्ट उघडले का, हँडशेक झाल्याची नोंद आली का, मार्ग यादीत दिसतो का, हे दर काही मिलिसेकंदांनी विचारायचे, आणि मर्यादा मात्र ऐसपैस, अगदी तीस सेकंदांची ठेवायची. सगळे नीट असेल तेव्हा चाचणी क्षणात पुढे जाते, कारण मर्यादा फक्त बिघाडाच्या वेळी खर्च होते. पोर्ट आकड्याने ठरवू नये. शून्य मागितले की यंत्रणा मोकळे पोर्ट स्वतः देते. मोठ्या किल्ल्या प्रत्येक चाचणीत नव्याने घडवू नयेत, आधी बनवून ठेवलेल्या वापराव्यात.

घड्याळाचा प्रश्न यानेही सुटत नाही. किल्ली बदलण्याच्या चाचणीला दोन मिनिटे लागणारच. त्यासाठी खोटे घड्याळ लागते. गो भाषेने २०२५ मध्ये १.२५ या आवृत्तीत सिंकटेस्ट नावाचे पॅकेज कायम केले. त्यात सगळे धागे थांबले की घड्याळ थेट पुढच्या ठरलेल्या क्षणावर उडी मारते आणि दोन मिनिटे निमिषात सरतात. अट एवढीच की खरे नेटवर्क वापरता येत नाही, जोडणी स्मृतीतच करावी लागते. निनावी संपर्कासाठीच्या टॉर या साधनाच्या चाचणीत दोन वाटा दिसतात. चाचणीच्या नेटवर्कसाठी सगळ्या मुदती आखूड करणारे खास सेटिंग त्यात आहे. दुसरीकडे रॉब जॅन्सन आणि निकोलस हॉपर यांनी २०१२ मध्ये मांडलेले शॅडो हे साधन टॉरचा खरा प्रोग्राम खोट्या नेटवर्कवर आणि खोट्या काळात चालवते.

आणि खराब नेटवर्क? ते मुद्दाम बनवावे. लिनक्समधल्या नेटएमने पॅकेटे उशिरा पोचवता येतात, गाळता येतात, उलटसुलट करता येतात. १२८० बाइटचा अरुंद दुवा आणि दोन टक्के गळती लावून काही निवडक चाचण्या रोज रात्री चालवल्या, तर गावाकडचा हॉटस्पॉट प्रयोगशाळेत आणता येतो. चाचणी स्वतः यादृच्छिक आकडे काढत असेल, तर ज्या आकड्यापासून ती सुरुवात करते तो लॉगमध्ये लिहून ठेवावा. प्रोग्रामर त्या आकड्याला बीजच म्हणतात. तेच बीज पुन्हा पेरले की तेच आकडे पुन्हा उगवतात.

तपास कुठून सुरू करावा

आधी सगळ्या चाचण्यांचे वेळ उतरत्या क्रमाने लावावेत आणि वरच्या दहा पाहाव्यात. त्यांतले आकडे १, ५, ६० च्या जवळ येतात का ते बघावे. मग संशयित चाचणी एकटी शंभर वेळा चालवावी, नंतर प्रोसेसर मुद्दाम दमवून चालवावी, शेवटी चाचण्यांचा क्रम पिसून. एकटी असताना फेल झाली तर दोष आतला, गर्दीत फेल झाली तर वेळेचा आणि क्रम बदलल्यावर फेल झाली तर शेजाऱ्याचा. त्यानंतर दोन्ही टोकांना पॅकेटे टिपून ठेवावीत. पाच सेकंदांच्या मोकळ्या जागेआधी दिसणारे शेवटचे पॅकेट ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे गेले असेल तर डीएनएस, आणि १४८ बाइटचे असेल तर हँडशेक. अंदाज करायची गरज उरत नाही.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचे? वीस वेळांत एकदा फेल होणारी चाचणी दुरुस्तीनंतर सलग वीस वेळा पास झाली, म्हणून समाधान मानू नये. काहीही न बदलता असे घडण्याची शक्यता ३६ टक्के असते. ९५ टक्के खात्रीसाठी सलग ५९ वेळा पास व्हावे लागते. पुन्हा चालवण्याचे बटण एकदा दाबून हिरवे झाले की चहाला जाणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. प्रयोगशाळेतही एकच दाणा लावून निकाल देत नाहीत, ४०० दाणे लावतात.